बीएमडब्ल्यू एम२ : इंजिनाची धास्ती आणि नवी मुंबईचे रस्ते

महागडी स्पोर्ट्स कार घेतलेल्या माणसाला शेजारीपाजारी पहिल्यांदा विचारतात ते अ‍ॅव्हरेजबद्दल. तो स्वतः मात्र रात्री झोपण्यापूर्वी वेगळ्याच प्रश्नाशी झुंजत असतो, आणि तो म्हणजे हे इंजिन टिकेल ना. बीएमडब्ल्यूची एम२ घेतल्यापासून मी हा प्रश्न पुरेसा चघळला आहे, तेव्हा हे परीक्षण प्रामुख्याने त्याच्याभोवतीच लिहितो. आसने, पडदा, ध्वनियंत्रणा यांवर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे आणि त्यांपैकी कशानेही कोणाची झोप उडत नाही.

माझी गाडी सुधारित आवृत्तीची, सहा गिअरची मॅन्युअल आहे. भारतात ही पिढी मे २०२३ मध्ये ९८ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीला आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुधारित आवृत्ती आली तेव्हा किंमत १ कोटी ३ लाखांवर गेली. गाडी मेक्सिकोतील सान लुईस पोतोसी येथील कारखान्यात बनते आणि आपल्याकडे पूर्ण तयार स्थितीत आयात होते. पुढे तीन लिटरचे सहा सिलिंडरचे, दोन टर्बोंचे इंजिन, मागच्या चाकांना ताकद, ४८० अश्वशक्ती आणि मॅन्युअलमध्ये ५५० न्यूटन-मीटर टॉर्क. ऑटोमॅटिकमध्ये टॉर्क ६०० आहे आणि शून्य ते शंभर तो ४.० सेकंदांत जातो, मॅन्युअल ४.२ मध्ये. हा फरक कागदावरचा आहे. नेरूळहून वाशीला जाताना तो कोणाला कळणार नाही.

धास्ती आली कुठून, ते आधी सांगितले पाहिजे, कारण या गाडीच्या बाबतीत ती बरीचशी वडिलोपार्जित आहे. बीएमडब्ल्यूच्या एम या स्पोर्ट्स गाड्यांच्या विभागाची इंजिने जितकी गाजली तितकीच त्यांच्या बेअरिंगांची कीर्तीही गाजली. २००० साली आलेल्या ई४६ एम३ मधील एस५४ या ३.२ लिटर इंजिनाच्या सुरुवातीच्या गाड्यांत कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याची, बेअरिंगे निकामी होऊ लागली आणि कंपनीला २००१ ते २००३ च्या सुमारास बनलेल्या गाड्यांची बेअरिंगे मोहीम काढून बदलावी लागली. त्यानंतर ई६० एम५ मधील पाच लिटरचे दहा सिलिंडरचे एस८५ आले, आणि त्याचाच भाऊ शोभेल असे चार लिटरचे आठ सिलिंडरचे एस६५ हे ई९० पिढीच्या एम३ मध्ये आले. दोन्ही मिनिटाला आठ हजारांहून अधिक फेऱ्या घेणारी, दोन्ही आवाजाने वेड लावणारी, आणि दोघांच्याही बेअरिंगांबद्दल मालकांच्या मनात कायमची शंका. अमेरिकेतील कित्येक मालक काही बिघाड नसतानाही ठरावीक अंतरानंतर ही बेअरिंगे बदलून घेतात. देखभालीच्या यादीत तेलाइतकेच स्थान त्यांनी या कामाला दिले आहे.

बेअरिंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सायकलच्या चाकातील छर्रे येतात. इथे छर्रे नसतात. कनेक्टिंग रॉड ज्या जागी क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनची वरखाली हालचाल फिरतीत बदलणाऱ्या दांड्याला, धरतो तिथे पातळ धातूच्या दोन अर्धवर्तुळाकार पाती बसवलेल्या असतात, आणि त्या पाती व क्रँकशाफ्ट यांच्यामध्ये दाबाखाली आलेल्या तेलाचा केसाहूनही पातळ थर असतो. इंजिन फिरत असताना धातू धातूला लागतच नाही, तो तेलावर तरंगतो. हा थर जोवर आहे तोवर बेअरिंग लाखो किलोमीटर टिकते; थर क्षणभर जरी तुटला तरी पाती घासते, घासलेला कण तेलात जातो, तो पुन्हा दुसऱ्या जागी ओरखडा काढतो. जुन्या एम इंजिनांत पाती आणि क्रँकशाफ्ट यांच्यातील मोकळीक फार कमी ठेवली होती, शिवाय १०डब्ल्यू-६० इतके जाड तेल वापरायचे असे. थंड इंजिनात असे तेल सावकाश पोहोचते, आणि मालकाने सकाळी सकाळी थंड इंजिन सात हजारांवर नेले की व्हायचे ते होते. म्हणजे दोष रचनेचाही होता आणि पायाचाही, आणि त्यांतला कोणता किती यावर मालक आजही तासन्‌तास वाद घालतात.

२०१४ मध्ये टर्बोचे एस५५ आले तेव्हा बेअरिंगाची भीती मागे पडली आणि क्रँक हबची नवी भीती आली. क्रँकशाफ्टच्या टोकाला बसणारा, टायमिंग चेनला गती देणारा हा भाग तिथे खाचेने अडकवलेला नसून एकाच मोठ्या बोल्टच्या दाबाने, केवळ घर्षणाने धरलेला होता. ताकद वाढवलेल्या गाड्यांत तो सरकल्याच्या घटना झाल्या. हा भाग सरकला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा ताळमेळ बिघडतो आणि इंजिनाचे काम मोठे निघते. कारखान्यातून आली तशीच चालवलेल्या गाड्यांत हा प्रकार विरळा, पण भीतीला टक्केवारी समजत नाही.

ही गोष्ट एकट्या बीएमडब्ल्यूची नाही. २०१४ मध्ये पोर्शेच्या तेव्हाच्या नव्या ९११ जीटी३ मध्ये कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सैल होऊन दोन गाड्यांना आग लागली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना गाडी चालवूच नका असे कळवले आणि दिलेल्या सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. मला त्या प्रकरणातला बिघाड जितका लक्षात राहिला तितकाच कंपनीचा निर्णयही राहिला. एक कोटीच्या गाडीचा विचार करताना इंजिन बिघडू शकते का एवढेच पाहून चालत नाही, बिघडले तर कोण उभे राहते तेही पाहावे लागते.

आता माझ्या गाडीतील एस५८ कडे येतो. हे इंजिन २०१९ मध्ये प्रथम एक्स३ एम मध्ये आले, नंतर एम३ आणि एम४ मध्ये, आणि मग एम२ मध्ये. म्हणजे एम२ नवी असली तरी तिचे इंजिन जगभरच्या रस्त्यांवर अनेक वर्षे राबलेले आहे, आणि ही गोष्ट विकत घेण्यापूर्वी माझ्या दृष्टीने सर्वांत वजनदार होती. पहिल्या वर्षाच्या इंजिनावर मी एवढे पैसे लावले नसते. सिलिंडरचा ठोकळा बंद माथ्याचा आहे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या कडेभोवतीची पाण्याची जागा मोकळी न सोडता धातूने बांधून घेतलेली आहे, त्यामुळे टर्बोच्या दाबाखाली सिलिंडर हलत नाही. क्रँकशाफ्ट घडीव आहे. सिलिंडर हेडच्या ओतकामासाठी लागणारा गाभा त्रिमितीय छपाईने बनवतात, त्यामुळे थंड पाण्याच्या वाटा नेहमीच्या ओतकामात जमणार नाहीत अशा वळणांनी नेता आल्या आहेत. तेलाच्या टाकीला दोन कप्पे आहेत, जेणेकरून वळणावर तेल एका बाजूला लोटले गेले तरी पंपाच्या तोंडाशी ते असावे. आणि शर्यतीत उतरणाऱ्या एम४ जीटी३ गाडीचे पी५८ इंजिन याच कुळातले आहे. शर्यतीच्या इंजिनाचा प्रत्येक भाग माझ्या गाडीत नाही हे उघड आहे, परंतु चोवीस तासांच्या शर्यतींसाठी ज्या ठोकळ्याचा पाया धरला गेला, तो नेरूळच्या सिग्नलवर खचेल अशी भीती बाळगणे जरा अतीच होईल.

चालवताना हे इंजिन कसे आहे, हेही धास्तीच्या हिशोबात धरले पाहिजे, कारण सुख किती मिळते यावर माणूस काळजी किती सोसतो ते ठरते. खालच्या फेऱ्यांवर ते निमूट असते. पाम बीच मार्गावर सकाळच्या वर्दळीत चौथ्या गिअरमध्ये दीड हजार फेऱ्यांवर कुरकुर न करता जाते, आणि कोणी म्हणणार नाही की या बॉनेटखाली काही विशेष आहे. तीन हजारांच्या पुढे मात्र ओढ अशी येते की डोके आसनाच्या उशीला टेकते. ही ओढ शेवटपर्यंत सपाट राहत नाही, साडेपाच हजारांच्या पुढे आवाज आणि वेग दोन्ही आणखी चढतात, आणि टर्बोच्या इंजिनात हा गुण दुर्मीळ आहे. जुन्या एस६५ सारखा गळा याला नाही. आवाज थोडा धातूचा, थोडा कोरडा आहे, आणि आत ऐकू येणाऱ्या आवाजात स्पीकरची भर आहे, जी मी बंद ठेवतो. अटल सेतूवर ताशी शंभरची मर्यादा आहे. तिथे सहाव्या गिअरमध्ये इंजिन इतके निवांत चालते की २१.८ किलोमीटर संपेपर्यंत ते गरम झाले की नाही याचीच शंका यावी. गाडीचा खरा आनंद पहाटे, रस्ता रिकामा असताना, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि तो कायद्याच्या मर्यादेत काही सेकंदांचाच असतो. ज्याला ते सेकंद पुरत नाहीत त्याने ही गाडी घेऊ नये, आणि ते दर आठवड्याला मिळत नसतील तर मग मुळीच घेऊ नये.

नव्या मालकाला घाबरवणाऱ्या आवाजांविषयी दोन शब्द. पहिला, थंड इंजिन सुरू केल्यावरचा. धुराड्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून इंजिन सुरुवातीला मुद्दाम चढ्या फेऱ्यांवर चालते आणि आवाज खरखरीत येतो. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये छत ठेंगणे असल्याने तो दुप्पट वाटतो. काही वेळात फेऱ्या आपोआप खाली येतात. दुसरा आवाज बॉनेट उघडल्यावर ऐकू येणारी टिकटिक. ती इंजेक्टरांची असते. इंधन थेट सिलिंडरमध्ये ३५० बार इतक्या दाबाने सोडणारी ही यंत्रणा गप्प बसूच शकत नाही. तिसरा आवाज गाडी बंद केल्यानंतरचा आहे, आणि त्यानेच आमच्याकडे सर्वांत जास्त गडबड उडवली. उन्हातून आल्यावर गाडी बंद करून मी वर येऊन चपला काढतो न काढतो तोच इंटरकॉम वाजतो आणि खालचे वॉचमन काका सांगतात, “साहेब, गाडी बंद करायची राहिली वाटतं, आतून घर्रघर्र येतंय.” तो पुढचा पंखा असतो. तापलेल्या टर्बोंभोवतीचे पाणी फिरवत ठेवण्यासाठी विजेवरचा पंप आणि पंखा इंजिन बंद झाल्यावरही काही काळ चालू राहतात. काकांना हे समजावून सांगितल्यावरही ते कळवतात, आणि मला त्यात गैर वाटत नाही. एखाद्या दिवशी पंखा चालला नाही तर तेही तेच कळवतील अशी माझी आशा आहे.

रनिंग-इनच्या, म्हणजे नवे इंजिन जपून चालवायच्या, काळाबद्दल एम गाड्यांची पुस्तिका नेमकी आहे. पहिल्या २,००० किलोमीटरपर्यंत ५,५०० फेऱ्या आणि ताशी १७० किलोमीटर ओलांडू नये, आणि २,००० झाल्यावर इंजिनाचे तसेच मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलचे तेल बदलून घ्यावे. ताशी १७० ची सूचना वाचून हसू आले, कारण आपल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही कायदा शंभरवर थांबवतो. पहिल्या भागातली खरी अडचण वेगळीच आहे. नव्या इंजिनातील पिस्टनच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीशी नीट बसण्यासाठी फेऱ्या आणि भार सतत बदलत राहावा लागतो. नवी मुंबईत मात्र गाडी एक तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर रांगेत सरपटते, नाही तर अटल सेतूवर एकसारख्या वेगाने जाते, आणि दोन्ही प्रकार या कामी फारसे उपयोगाचे नाहीत. मी म्हणून सुट्टीच्या सकाळी माळशेजच्या दिशेने जात असे, जिथे चढ, उतार, गाव आणि मोकळा रस्ता आलटून पालटून येतात. २,००० ची सर्व्हिस ही या गाडीतली एकमेव सर्व्हिस आहे जिच्याबाबत मी कोणतीही सबब ऐकणार नाही. नव्या धातूचे बारीक कण पहिल्या तेलात येतात. ते तेल जितके लवकर बाहेर जाईल तितके बरे.

तेलाविषयी आणखी एक सोय आपल्या भागात सहज मिळते, तिचा उपयोग फार थोडे गाडीवाले करतात. तुर्भे, पावणे, रबाळे हा सगळा एमआयडीसीचा पट्टा आहे, आणि कारखान्यांच्या यंत्रांतील तेल तपासणाऱ्या प्रयोगशाळा अशा पट्ट्यांत काम करतात. सर्व्हिसच्या वेळी निघालेल्या तेलाचा लहान नमुना बाटलीत घेऊन तिथे दिला की तेलात कोणकोणते धातू किती आहेत याचा तक्ता मिळतो. मधल्या धारेतला नमुना घ्यावा लागतो, पहिला नाही आणि तळाचाही नाही, आणि बाटली कोरडी असावी लागते. तक्त्यात शिसे, कथील, तांबे वाढलेले दिसले तर बेअरिंगांकडे बोट जाते. लोखंड वाढले तर सिलिंडर किंवा कॅमकडे. सोडियम किंवा पोटॅशियम दिसले तर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, कुठून तरी तेलात झिरपत असल्याचा संशय घ्यायचा. सिलिकॉन बहुधा धूळ सांगतो, आणि चहूकडे बांधकामे आणि खाणींचे डंपर असलेल्या आपल्या भागात हवेचा फिल्टर वेळेआधी बदलण्याचे ते कारण ठरते. नव्या इंजिनाच्या पहिल्या तक्त्यात धातू जास्तच दिसतात आणि तो वाचून पुष्कळ जण उगाच हवालदिल होतात. एक तक्ता काही सांगत नाही, लागोपाठचे दोन-तीन शेजारी ठेवले की बोलू लागतात. माझ्या गाडीचे आकडे प्रत्येक वेळी खाली येत गेले आहेत. मनातली भीती घालवण्यासाठी इतका स्वस्त उपाय मला दुसरा सापडला नाही.

गाडी ज्या वातावरणात राहते त्याची काळजी मात्र मला इंजिनाच्या रचनेपेक्षा जास्त वाटते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखजवळ संध्याकाळी अडकलेली गाडी पाहा: बाहेर एप्रिलचा उकाडा, एसी पूर्ण, वेग पायी चालण्याइतका, आणि रेडिएटरवर वारा म्हणावा तर समोरच्या कंटेनरचा धूर. या परीक्षेत एम२ मला पक्की वाटली. डिजिटल फलकावर तेलाचे तापमान वेगळे दिसते; अशा कोंडीतही ते चढून बसत नाही, कारण टर्बोतून येणारी हवा थंड करण्यासाठी स्वतंत्र पाण्याचे चक्र आहे आणि रेडिएटर एकापेक्षा अधिक आहेत. कोंडीत दमतो तो माझा डावा पाय. उलट छोट्या फेऱ्या या इंजिनाला अधिक जाचक आहेत. नेरूळ स्टेशनपर्यंत कोणाला सोडून परत येण्यात पाणी तापते, तेल तापत नाही. तापलेले नसताना सिलिंडरच्या भिंतीवरून थोडे इंधन तेलात उतरते आणि ओलावाही उडून जात नाही. त्या कामासाठी घरात दुसरी गाडी किंवा स्कूटर असावी. फलकावर फेऱ्यांच्या तबकडीची वरची हद्द इंजिन थंड असताना खाली असते आणि तापेल तशी वर सरकते. ही खूण पाळली तर एस५४ च्या मालकांनी केलेला अर्धा अपराध आपल्या हातून होणारच नाही.

इंधनाची चर्चा सध्या प्रत्येक पंपावर चालते. २०२५ पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण पोहोचले आणि जुन्या गाड्यांचे मालक धास्तावले. इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, म्हणजे इंधन अवेळी पेटून इंजिनात ठोके येण्याची शक्यता कमी होते. पण लिटरमागे ऊर्जा कमी असते, तेव्हा अ‍ॅव्हरेज थोडे घसरते. एम२ सारखी अलीकडची गाडी घेताना इंधनाच्या झाकणाच्या आतली पट्टी आणि पुस्तिकेतील इथेनॉलची मर्यादा आधी वाचून घ्यावी, पंपावरच्या पोऱ्याला किंवा चुलत मेहुण्याला विचारू नये. मला त्याहून मोठा प्रश्न इथेनॉलच्या पाणी ओढून घेण्याच्या स्वभावाचा वाटतो. खाडीकाठच्या दमट हवेत पावसाळाभर गाडी झाकून ठेवायची आणि टाकी अर्धी रिकामी सोडायची, हे टाळावे. मी महाग ९५ किंवा १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळेल तेव्हा घालतो. नेहमीच्या पेट्रोलवर इंजिन ठोक्यांची चाहूल लागताच ठिणगीची वेळ मागे घेऊन स्वतःला सांभाळते, मात्र त्याची किंमत ओढीत मोजावी लागते, आणि ओढीसाठीच तर पैसे दिले आहेत.

पाणी हा विषय वेगळा आणि माझ्या मते सर्वांत गंभीर आहे. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीशी बरोबरी करणाऱ्या जमिनीवर वसवलेला आहे, म्हणूनच सिडकोने इथे धारण तलाव बांधले. ओहोटीला त्यांचे दरवाजे उघडून साठलेले पाणी खाडीत सोडायचे अशी ती योजना. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की सखल भागांत पाणी उभे राहते. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर याबाबत ख्यातीच कमावून आहे. ही गाडी बुटकी आहे आणि तिचे नाक पुढे झुकलेले आहे. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेले तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दबत नाही, आणि मग दबतो, म्हणजे वाकतो, तो कनेक्टिंग रॉड. कितीही घडीव क्रँकशाफ्ट आणि कितीही बंद माथ्याचा ठोकळा इथे कामाला येत नाही, आणि कंपनीची वॉरंटीही येत नाही. माझ्या एका विमा कंपनीच्या प्रतिनिधीने ‘सर्वसमावेशक’ म्हणून जी पॉलिसी पुढे केली तिच्यात इंजिन संरक्षणाचे जोडकलम नव्हतेच. कागद ओळीने ओळ वाचल्यावर ते कळले, आणि विचारल्यावर “सर, ते वेगळं घ्यावं लागतं” असे उत्तर असे काही सहज आले की जणू ते मलाच ठाऊक असायला हवे होते. मी वेगळे घेतले. बेअरिंगांच्या चर्चेत रात्री घालवणाऱ्या आणि हे कलम न पाहणाऱ्या मालकांचे मला आश्चर्य वाटते.

काजळीबद्दल थोडक्यात सांगतो. थेट इंजेक्शनच्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल जातच नाही, त्यामुळे तेथे साठणारी काजळी धुतली जात नाही आणि बऱ्याच किलोमीटरनंतर अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ती काढावी लागते. हा बिघाड नाही, देखभाल आहे, आणि एम२ वापरणाऱ्या बहुतेकांना ती वेळ येईपर्यंत गाडी विकलेली असते.

इंजिन खरोखर मोडण्याचे दोन खात्रीचे मार्ग मालकाच्या हातात आहेत. पहिला मॅन्युअलवाल्यांचा: घाईत पाचव्याकडे जायचा हात तिसऱ्यात गेला आणि क्लच सोडला, की चाके इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. इंजिनाचा संगणक पेट्रोल तोडू शकतो, चाके थांबवू शकत नाही. अशा प्रसंगाची नोंद गाडीत राहते आणि वॉरंटीचा दावा करताना ती पुढे येते. दुसरा मार्ग रीमॅपचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकातील आज्ञा बदलून ताकद वाढवण्याचा. एस५८ मधून आणखी ताकद काढणे सोपे आहे आणि खारघरच्या पायथ्याशी रविवारी जमणाऱ्या तरुणांपैकी कोणी ना कोणी तो सल्ला देतोच. ४८० अश्वशक्ती ज्या माणसाला या शहरात कमी पडते त्याला मी काय सांगणार. एवढेच म्हणेन की ज्या इंजिनाच्या टिकाऊपणाबद्दल आपण मत मागतो ते कारखान्याने बनवलेले इंजिन असते, संगणकावर बदललेले नव्हे.

वॉरंटीची मूळ मुदत दोन वर्षांची आहे आणि पैसे भरून ती वाढवता येते. मी वाढवून घेणार आहे, आणि इंजिन कच्चे वाटते म्हणून नव्हे, तर आयात गाडीचा एखादा पंप किंवा सेन्सर जरी गेला तरी बिल पाहून जीव वरखाली होतो म्हणून. वाढीव वॉरंटीचा खर्च ज्याच्या हिशोबात बसत नाही त्याने एम३४०आय पाहावी. तिचे बी५८ इंजिन एस५८ इतके तापट नाही, देखभालीला सोपे आहे आणि रोजच्या वापराला अधिक सोयीचे.

वापरलेली एम२ घेणाऱ्याने रंग आणि चाकांवरचे ओरखडे नंतर पाहावेत. आधी २,००० किलोमीटरच्या सर्व्हिसचे बिल मागावे, त्यावरची तारीख आणि किलोमीटर जुळतात का ते तपासावे, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये संगणक लावून फेऱ्यांची हद्द ओलांडल्याची नोंद पाहून घ्यावी आणि मागच्या पावसाळ्यात गाडी कुठल्या तळघरात उभी होती हे विचारावे. २,००० चे बिल विक्रेत्याकडे नसेल तर किमतीची बोलणी पुढे न नेता मी तिथून निघेन.